परतीचा ट्रक

मी लोकांची घरं वाहतो.
भिंती सोडून सगळं.
सव्वीस फुटी ट्रक, एक ढकलगाडी,
डाव्या गुडघ्याला आवळलेली पट्टी.

रॉकफर्ड, इलिनॉय. मार्चचा शेवट,
फुटपाथच्या कडेला काळवंडलेला बर्फ.
हार्लन ब्रँटची वही ओट्यावर उघडीच होती,
मधोमध फूटपट्टीने आखलेली रेघ:
डावीकडे इलिनॉय, उजवीकडे टेक्सास.
घरपट्टी इथे सात हजार आठशे.
राज्याचा आयकर तिथे शून्य.
त्या शून्याभोवती त्याने पेनाने गोल केला होता,
त्या गोलाभोवती आणखी एक.

मी पेट्या मोजत होतो.
म्हणालो नाही, की अहो, पेन्शनवर
इलिनॉय तरी कुठे कर घेतं?
ओझं पाठीवर घ्यायचं, मनावर नाही,
हा आमच्या धंद्याचा नियम.

शेवटी ऑटिलीने गॅरेजमधून
बर्फ उडवायचं यंत्र ढकलत आणलं.
“टेक्सासला?” मी विचारलं.
“विकलं जाईना,” ती म्हणाली, “आणि टाकवेना.”

मिझुरी. ओक्लाहोमा.
राज्य बदललं की डिझेलचा भाव बदलतो,
रस्त्यातले खड्डे बदलतात,
कॉफी मात्र सगळीकडे सारखीच करपलेली.
या केबिनमध्ये बसून मी पुष्कळ हिशेब ऐकलेत.
न्यू हॅम्पशरची एक दंतवैद्य बाई:
पगारावर कर नाही, खरेदीवर नाही,
“म्हणून सगळं राज्य माझ्या छपरावर येऊन बसलंय.”
टेनेसीला गेलेला वेल्डर,
दूध-अंड्यांच्या पावतीवरचा कर बोटाने दाखवायचा,
जणू कुणी त्याच्या ताटातलंच उचललं होतं.
फ्लोरिडाचे ते दोघे भाऊ,
विम्याचा हप्ता ऐकून
वादळ परवडलं म्हणाले.

बोका कुठल्याही दाराने येवो,
दूध तेवढंच कमी होतं.
हे मी कुणाला सांगत नाही.
सांगितलं तर ट्रक कोण भाड्याने घेईल?

साडेतीन वर्षांनी फोन आला.
आवाज ओळखीचा. “परतीला जागा आहे का?”

सॅन अँटोनिओच्या बाहेर, सप्टेंबरमधलं ऊन
पत्र्यासारखं तापलेलं.
छपरावर गारांचे वळ, दारात विमेवाल्याचं पाकीट,
वीजबिलं पेपरक्लिपमध्ये महिन्यावार,
आणि काउंटीचं पत्र: आपल्या घराची किंमत वाढली आहे.
“अभिनंदन केल्यासारखं लिहितात,” हार्लन म्हणाला.
“मी विकायला काढलं होतं का?”

वहीत आता तीन रकाने.
तिसरा विस्कॉन्सिनचा: बेलॉइट,
जुन्या घरापासून वीसेक मैलांवर, फक्त राज्याची हद्द ओलांडून.
घरपट्टी, आयकर, गरम पाण्याचा गॅस,
सगळं त्याच्या ठेंगण्या, सरळ आकड्यांत.
तळाशी वेगळं अक्षर, तिरकं, हिरव्या शाईचं:
लिडिया, अकरा मिनिटं.
बहीण तिची.
त्या ओळीसमोर त्याने एकदा बेरजेची खूण केली होती,
मग खोडली होती,
मग तशीच राहू दिली होती.

यंत्र तिथेच होतं, चादरीखाली,
तीन उन्हाळे एकही काम न करता म्हातारं झालेलं.
मीच ते पुन्हा चढवलं.

बेलॉइटला पोचलो तर गवत हिरवंगार,
बर्फाला अजून दोन महिने तरी.
सामान उतरायच्या आत हार्लनने दोरी ओढली.
एकदा. दोनदा. नवं पेट्रोल घातलं. पाचव्यांदा
निळा धूर सोडत ते खोकलं आणि लागलं,
शेजारचा कुत्रा वेडापिसा.
ऑटिली खिडकीतून ओरडत होती, बंद कर, बंद कर,
आणि हसत होती, असं मला वाटलं;
धुरात नीट दिसलं नाही.

मी सहीसाठी कागद धरून उभा.
चार हजार सहाशे, जातानाचे वेगळे.
त्याने चेक फाडला, वही उघडली,
तिन्ही रकान्यांवर पेन फिरवलं,
आणि ती रक्कम
कुठेच न लिहिता
वही मिटली.