खोलीचा आवाज

माझं काम सोपं होतं. पंचेचाळीस सेकंद झाले
की पियानो सुरू करायचा,
आधी हळू, मग जरा उद्धट,
म्हणजे आभार मानणारा माणूस आपोआप मंचावरून ओघळतो.

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज पाहुण्यासारखी यायची,
न कळवता, आणि जेवायला न थांबता.
सभागृहामागे बेकरीवाल्याचा उसना जनरेटर धडधडत होता.
नट्यांनी झगमगत्या गाऊनवर नवऱ्यांचे ओव्हरकोट चढवले होते,
आणि पहिल्या रांगेतल्या रॉकेलच्या स्टोव्हवरून
दोन दिग्दर्शकांचं आधीच वाजलं होतं.

पाकिटांना कागद नव्हता.
विजेत्यांची नावं औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर.
लामझिरानं एक चिठ्ठी उलटी धरली, आणि वाचलं,
“जेवणानंतर, दोन वेळा,”
तर एक नट चक्क उठून उभा राहिला.
लोक हसले, आणि सगळ्या सभागृहाच्या तोंडून एकदम वाफ निघाली,
किटलीसारखी.

मग एल्गुजा.
ध्वनिमुद्रण, वेशभूषा, रंगभूषा, तिघांत मिळून एकच बाहुली त्या वर्षी,
ट्रामच्या पितळी दांड्या वितळवून ओतलेली, नाक जरा वाकडं.
कोटाचं एक बटण चुकवून लावलेला तो आला,
बाहुली काखेत मारली, पावासारखी,
आणि खांद्यावरच्या पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून
जमिनीवर ठेवला.

“बोलायचं मला येत नाही,” तो म्हणाला.
“पंचेचाळीस सेकंद मिळतात म्हणे. त्यातले तीस मी घेतो.
प्रत्येक चित्रीकरण उरकलं की मी सगळ्यांना गप्प करतो
आणि रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवतो.
तुम्ही तेव्हा घड्याळं बघता.
एकवीस वर्षं बघताय.
आज बघू नका. हलू नका.”

खटका.

कुणाचं तरी पोट बोललं.
स्टोव्हची वात फुरफुरली.
मागे कुठेतरी मोत्यांची माळ कॉलरला घासली,
आणि या सगळ्याखाली तो जनरेटर, गुरगुरत,
मग खोकत,
मग नाहीच.

अंधार. फक्त जमिनीवर एक लाल ठिपका.

टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं म्हणतात.
टाचणी नव्हती. बाहेर बर्फ पडत होता,
तो ऐकू आला असं आता दीडशे लोक शपथेवर सांगतात.
सभागृहात आम्ही होतो त्रेसष्ट.

मला बर्फ ऐकू आला नाही.
मला ऐकू आला माझाच पाय,
थंडीनं आखडलेला, पेडलवर.
कुर्र.
आणि मी लाजेनं श्वास धरला,
जणू दाराआड चोरून ऐकताना सापडले.

तीस सेकंद कधी संपले कुणाला दिसणार?
माझे पंचेचाळीसही निघून गेले असतील.
बोटं पट्ट्यांवर होती. वाजवलं नाही.
पुष्कळ वेळानं पुन्हा खटका.
“झालं,” तो म्हणाला,
आणि चाचपडत पायऱ्या उतरताना तिसरी चुकला.

सोहळ्याचं थेट प्रक्षेपण होतं, हे सांगायचं राहिलं.
बघणार कोण? सगळं शहर त्याच अंधारात.
त्यानंतरचे पुरस्कार मेणबत्त्यांवर उरकले,
कुणाला मिळाले, मला विचारू नका.

सात वर्षांनी बहिणीबरोबर एक सिनेमा बघत होते,
बेताचाच.
एका टपाल कचेरीतून म्हातारा निघून जातो, पत्र न मिळाल्यानं,
आणि कॅमेरा तिथेच थांबतो उगाच,
बाकडं, बंद खिडकी, वजनाचा काटा.
कुर्र.

मी बहिणीचं मनगट धरलं. बोरं सांडली तिच्या मांडीवरची.
“यात मी आहे,” म्हटलं.
तिनं डोळे बारीक करून रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं.
“कुठे?”