किरकोळ दुरुस्त्या

बिटको चौकात माझं दुकान, रुंदी सहा फूट.
बागुल काका येतात ते भरदुपारी,
जेलरोडवरून पायी, डोक्यावर ओला रुमाल,
आणि फोन काउंटरवर ठेवतात पालथा,
पत्त्यातलं पान लपवावं तसा.

"सत्तेचाळीस," मी म्हणतो. "सत्तेचाळीस अपडेट थकलेत, काका."
"थकू दे. मीही थकलोय."

लोक कारणं सांगतात मला:
डेटा संपेल, फोन जड होईल,
मागच्या वेळी केलं तर साखरपुड्याचे फोटो गेले.
देवळालीची एक बाई तर म्हणाली, आज अमावस्या आहे.

काकांचं वेगळं.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासनीस.
करकरीत ताव उजेडात धरायचा,
धागा सरकलाय का, आकडा कलंडलाय का,
शाई कुठे घामासारखी पसरलीय का.

"चूक सापडली की रजिस्टर.
कुठला ताव, कुठली चूक, कुणी पाहिली.
दोन सह्या. मग जाळ.
आणि हे काय लिहितात बघ,"
चष्मा कपाळावर, फोन नाकाला,
"'किरकोळ दुरुस्त्या केल्या.'
अरे, कुठली दुरुस्ती? कुणाची चूक?
म्हणजे इतके दिवस मी चुकीचं वापरत होतो
आणि कुणी बोललं नाही?"

मी एक काच पुसत राहिलो,
आधीच पुसलेली.

काल मात्र बँकेचं ॲप उघडेना.
पेन्शन आत, काका बाहेर,
मधे एकच निळं बटण.
'नंतर' म्हणायची सोयसुद्धा काढून घेतलेली.

"कर," म्हणाले. "थांब. आधी कागद दे."
रिचार्जच्या पाठकोऱ्या पावतीवर
त्यांनी जुना स्क्रीन काढला, रेघ न रेघ:
शिल्लक वरती, पासबुक डावीकडे,
आणि तळाच्या कोपऱ्यात ते बटण, जिथे त्यांचा अंगठा
न बघता पोचायचा,
रात्री मोरीच्या दिव्यावर पोचतो तसा.
खाली तारीख. त्याखाली 'रद्द'.
त्याखाली पुं. सो. बागुल, तिरकी, सरकारी.

पावती माझ्याकडे सरकवली.
"दुसरी सही तुझी."

केली.
फोनवर ते गोल गोल फिरत राहिलं.
बाहेर कंडक्टर सिन्नर सिन्नर ओरडत होता
आणि काका ती पावती उजेडात धरून
कडेकडेने तपासत होते.

"जाळायची ना आता?" मी विचारलं.

घडी घातली, खिशात ठेवली.
"नंतर," म्हणाले.