सटवा बॉय

आमच्या गावात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता.
गोदेला पूर आला की चिंचेच्या खोडापर्यंत यायचं
तेवढंच मोठं पाणी.
तरी सटवाजी लिंबोरे, भोयाचं पोर,
माझ्या आज्याचा थोरला भाऊ,
जालन्याहून कापसाच्या गाठींच्या मागं मागं गेला
आणि मुंबईच्या गोदीत आगबोटीवर चढला.

साहेबानं विचारलं, नाव?
सटवा.
जात?
भोई.
त्यानं लिहून घेतलं, सटवा बॉय.
मिशी फुटलेला, लग्न झालेला गडी.

पाण्यात जन्म गेलेला माणूस
त्यांनी बोटीच्या पोटात घातला, भट्टीपाशी.
आगवाला. फावड्यानं कोळसा सारायचा.
वर आभाळ कोणत्या मुलखाचं आहे
ते दोन-दोन दिवस कळायचं नाही.
पत्रात यातलं काही नसायचं. पत्र दुसऱ्याच्या हातचं,
मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे,
आणि एकदाच, कडेला:
इथं मासळी लई, पण ओळखीची नाही.

लढाई जर्मनची.
याच्याजवळ बंदूक नव्हती, वर्दी नव्हती,
वैर तर कुणाशीच नव्हतं.
बोटीत म्हणे सरकी होती, शेंगदाणा होता, तागाची पोती.
पाण्याखालून काहीतरी आलं.

कागद पैठणच्या टपालात तीन दिवस पडून राहिला.
मुन्शीनं वाचला. इंग्रजीतून उर्दूत,
उर्दूतून आमच्या बोलीत येता येता
माणूस बुडायचा राहून गेला.
लापता, एवढंच म्हणाला तो, मान खाली घालून.
चतुरामायनं विचारलं,
म्हंजी, हुडकायलेत का?

पुढं पैसे आले, कलदार.
हाली सिक्क्यात मोडले तर शंभरावर सोळा जास्त निघाले.
ते सोळा तिनं निराळ्या गाठीला बांधले.
हे कुणाचे, विचारायची. कुणाला सांगता यायचं नाही.

बारा वर्षं कुंकू लावलं तिनं.
मग भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला,
तीनशे साठ देठं मोजून, डोक्याला नारळ.
तिनं हळूच त्याच्या हाताशी
जाळं विणायची सुई ठेवली.
आणि त्या सोळा रुपयांत घाटावर दगड बसवला.
पाथरवटानं आगबोट कधी पाहिली नव्हती.
त्याला जिनिंगचं धुराडं ठाऊक, त्यानं तेच कोरलं,
खाली आमची साधी होडी,
होडीत धुराडं, धुराड्यावर तीन रेघा धुराच्या.
नाव मात्र त्यानं नीट लिहिलं.

नंतर सरकारनं धरण बांधलं, त्याला नाव दिलं नाथसागर.
चिंच गेली, घाट गेला, दगड गेला.
चतुरामाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत
भांड्यांच्या गठुड्यावर बसली होती, तोंड पाण्याकडं.
माझी आई सांगते, रडली नाही.
एवढंच म्हणाली,
आला बाई. घर हुडकत आला.

दुष्काळाच्या साली धरण आटलं तेव्हा
मी जुन्या मायगव्हाणात चालत गेलो.
जोती, रांजणाची खापरं, एक उखळ,
गाळाला पडलेल्या, हात जाईल अशा भेगा.
दगड तिरका झाला होता, धुराड्याला शिंपले चिकटलेले.
पाव्हणा म्हणाला, नव्या गावठाणात नेऊन बसवू,
टेम्पो आहे.
दोघांनी मिळून उचलला. हलला.
थोडा वेळ तसाच धरून उभे राहिलो
आणि परत टेकवला.
टेम्पोचं भाडं मी दिलं.

आता तिथं तीस हात पाणी आहे.
रोहू, कटला, सोसायटीनं सोडलेलं बीज.
वर्षातून एखाद्या रात्री जाळं नेमकं तिथंच अडकतं.
नवीन पोरं ओढतात, शिव्या देतात.
मी सुरी काढतो, दोर कापतो.

सकाळी सोसायटीच्या वहीत
तारीख, पाण्याची पातळी, मासळी किती किलो,
आणि शेवटच्या रकान्यात, माझ्या हातानं:
जाळं एक. लापता.