खोडलेली जागा

नववी गल्ली, राजारामपुरी. जिन्यावर बोर्ड:
मगदूम क्लासेस, दहावी गणित. खाली
'१०० टक्के निकाल' मधलं एक शून्य उन्हानं उडालंय.
यंदा रंगवून घेतलं नाही.

बेंच बावीस. मुलं नऊ.
त्रिशला चौगुले फोन धरते गणितावर,
मी खडू उचलेपर्यंत उत्तर हजर,
पायऱ्यांसकट, मराठीत,
आणि माझ्यासारखं ते खेकसत नाही कुणावर.

उद्यमनगरात पहिली सीएनसी आली
तेव्हा लेथवरचे आमचे अण्णा आठ दिवस गप्प होते.
नवव्या दिवशी गेले,
मशीनमधून निघालेल्या जॉबवर अंगठा फिरवला, म्हणाले,
"माप बरोबर हाय. पण कड चावतीया."
पुढं अकरा वर्षं त्या अंगठ्याचा पगार घरी आला.

म्हणून परवा त्रिशलाची वही उघडली.
उत्तर बघितलं नाही. तिसऱ्या ओळीत
कागद खोडून खोडून झिरझिरीत झालेला,
तिथं बोट ठेवलं:
इथं काय झालं?

ती बराच वेळ पंख्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली, "सर, त्याला मी विचारते.
मला कोण विचारत नाही."

आता तासाला मी कमी बोलतो.
खडूचा बॉक्स महिनाभर पुरतो.
एकेकाला फळ्याशी उभं करतो, चुकू देतो,
चुकीच्या वाटेनं दोन ओळी सोबत जातो.

पालक विचारतात, सर, नवीन काय सुरू केलंय?
सांगतो. ऐकून घेतात.
फीचं कार्ड छापायला टाकायचंय,
आणि या असल्या कामाचा दर
अजून मला लावता आलेला नाही.