वरचे साडेसत्त्याण्णव मीटर

पावणेपाचला उठते, ती लगेच पळायला नाही.
आधी पंप.
स्वयंपाकघरात स्टुलावर, दिवा न लावता,
घर्र-फूस, घर्र-फूस,
मोबाइलच्या उजेडात बाटलीवरच्या रेघा वाचते:
ऐंशी. नव्वद. शंभर काही होत नाहीत आज.
तारीख लिहून फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याला टेकवून.

मग एकावर एक दोन ब्रा,
आत घडी घातलेले तिचेच लंगोट.
बूट अर्ध्या नंबरानं लहान झालेत.
बाळंतपणात पाय वाढतात,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
निनाद झोपेतच हात वर करतो,
म्हणजे ‘जा’, किंवा ‘पंखा कमी कर’.

कोपऱ्यावर दुधाचे क्रेट उतरताहेत.
टेम्पोवाला पिशव्या मोजतो,
फुटलेली एक बाजूला ठेवतो, मांजरासाठी.
त्याच्यासमोरून जाताना मी उगाच हात छातीशी घेते.

फाइव्ह गार्डन्सची पहिली फेरी.
फोनमधली बाई सांगते: एक किलोमीटर, नऊ मिनिटं बारा सेकंद.
तिच्या आवाजात टोमणा नाही. कौतुकही नाही.
टाक्यांपाशी ओढ बसते,
आत कुणी घडी चुकीची घातलीय
आणि ती मोडायला आता वेळ नाही, तशी.

पळायचंय ते त्या खोलीसाठी
जिथे एकोणीस दिवस ती काचेत होती.
माझ्या अंगठ्याएवढ्या पायाला पट्टी: ‘बेबी ऑफ शाल्मली’.
तिला नाव नव्हतं,
आणि माझं उरलं होतं ते तेवढ्या पट्टीवर.
दूध आलं नव्हतं मला.
ती प्यायली ते दुसऱ्या कुणाचं तरी,
तीन-तीन मिली, नळीतून.
बाटलीवर फक्त नंबर.
त्या नंबराची बाई मी अजून शोधते,
बँकेच्या रांगेत, भाजीवाल्यापुढे,
कुणाचा ब्लाउज ओला दिसला की.

तर सोसायटीत वही फिरवली.
सेक्रेटरी म्हणाले, करसवलतीची पावती मिळेल ना?
तळमजल्यावरच्या गोखले काकू म्हणाल्या,
एवढं धावून दूध आटेल हो,
आणि पाचशे दिले.
बाळाला न्हाऊ घालणारी हौसाबाई
तळहातावर तेल घेत म्हणाली,
माझे लिही, किलोमीटरला पाच रुपये.
किती हायेत?
एकवीस.
बोटांच्या पेरांवर हिशोब, तेलाचे थेंब लादीवर:
एकशे पाच.
आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर, मी म्हटलं.
ते आणि कशाला?
कुणीतरी ठरवलंय तसं.
तिनं बाळाला मांडीवर पालथं केलं,
मणक्यावरून अंगठा खाली नेला, सावकाश.
“त्याचं पैसं न्हाई देणार मी.
तेवढं तू तुझं पळ.”

रविवारी चौदा होते. वरळी सी फेसवरून परतताना
तेराव्यात कुठल्याशा बाल्कनीत एक बाळ रडलं.
माझं नव्हे.
पण अंगाला कुठे पत्ता विचारायची सवय असते?
दोन्हीकडून आलं, भसाभसा,
छातीवरचं संस्थेचं नाव भिजलं,
मी कठड्याला धरून उभी.
एका कॉलेजच्या पोरानं पाण्याची बाटली पुढे केली,
त्याला वाटलं, घाम.
उरलेलं चालत आले.

विजेच्या खांबापासून आमच्या गेटपर्यंत
मी पावलं मोजून ठेवलीत.
साडेसत्त्याण्णव मीटरला एकशे बारा लागतात,
गेट येतं एकशे एकला.
रोज शेवटी तेवढं पळते,
वही, खोली, नंबर, सगळं खांबापाशी ठेवून.

आज गेट आलं
आणि वरून तिचं रडणं ऐकू आलं. हे माझंच.
लंगोट भिजायला लागले.
निनादची सावली पडद्यामागे इकडून तिकडे.

राहिलेली अकरा पावलं
मी पुढे पळून आले,
इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीपर्यंत.
मग वळले.