काना

वडशाहून प्रमाणपत्र आलं
तेव्हा बाबूनं घाईत काना गाळला होता.
आचलची अचल झाली.
म्हटलं, साहेब, एवढी एक रेघ ओढून द्या.
तो म्हणाला, आता शिक्का बसला.

तशी ती उशिराच चालली.
साडेतीन वर्षांची होती, धानाच्या चुरण्याचे दिवस.
बाजेचा खूर सोडून कोंबडीपर्यंत आली
आणि कोंबडी उडाली म्हणून बसली.
चार पावलं.
तिच्या आईनं पाच मोजली,
त्यावर आमचं अजून भांडण आहे.

तिच्या अंगठ्याशेजारी बोटभर जागा आहे,
जणू पोटातूनच चप्पल घालून निघाली
आणि दाराशी काढून ठेवली.
सांधे ओल्या अंबाडीच्या वाखासारखे.
गेडाम मॅडम म्हणतात, या मुलांचे स्नायू ढिले,
जमीन त्यांना उशिरा कळते.
रोज एका पायावर उभं करा. तीन मोजा.
रेघेवरून चालवा.

रेघांना काय तोटा आमच्याकडे.
बांधीला लागून बांधी, प्रत्येकीला धुरा.
रोवण्याच्या चिखलात मी पुढे, ती मागे,
माझ्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीत.
ती पडली की हसते,
मी पडलो की जास्त हसते.
एका पायावर मात्र
'एक' म्हणेपर्यंत दुसरा खाली.
दोन महिने झाले,
एकच्या पुढचा आकडा घरात आला नाही.

आणि मी कोण तिला तोल शिकवणार?
सतरा वर्षं दंडारीत बाईचं सोंग घेतो.
लुगडं नेसून, पायात घुंगरांचं ओझं घेऊन
टाचेवर गिरकी मारतो, पदर ढळत नाही.
पण टाच तेव्हा काय करते
ते मला विचारू नका.

दिवाळीनंतर सोनबाच्या छपरीत तालीम बसली.
आचल पोत्यावर बसून बघायची.
तिसऱ्या रात्री उठली, रिंगणात शिरली.
ठेका धरला, पण अर्धी मात्रा मागे.
आमचा पाय पडून जायचा, मग तिचा,
विहिरीत बादली आपटते
आणि आवाज मागून वर येतो, तसा.
नकटू म्हणाला, पोरीले बाजूले बसव ना गा.
डोमाजी काही बोलला नाही.
त्यानं थाप थोडी लांबवली,
ढोलकीच्या दोन तोंडांमध्ये
तिच्यापुरती जागा सोडली,
आणि आम्ही पाच बाप्ये, सवयीचे पाय घेऊन,
अवघडलो.
पहिला माझाच पाय चुकला.

मंडईच्या रात्री ती नाचली, अर्ध्यात थकली,
जिलेबी मागितली
आणि रिंगणाच्या मधोमध बसून खाल्ली.
आम्ही तिच्याभोवती नाचलो. दुसरं काय करणार.

मग माघ. बांधीत लाखोरी निळी झालेली.
सदऱ्याची ओढ सुटली म्हणून मी वळलो.
ती धुऱ्यावर थांबली होती,
एक पाय दोन्ही हातांत उचलून
तळव्यातला गोखरू बघत होती,
ओठ बाहेर काढून,
तो दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तशी.
पाठ कशाला टेकली नव्हती.
मी आकडे तोंडातच धरले.
एक.
दोन.
तीनला बगळा उडाला,
तिनं मान वर करून तो जाईपर्यंत पाहिला.
चार.
'अ'च्या शेजारी असतो तसा
तिचा एकच पाय, उभा.

मग पडली, लाखोरीवर.
म्हणाली, बाबा, काटा.
मी तिचा पाय मांडीवर घेतला,
सुई काढली,
हात ठरेना.
ती माझं मनगट धरून म्हणाली,
हालू नोको ना.