सुकती बघून

आमच्या मंडळाचं वेळापत्रक भिंतीवरच्या पंचांगात असतं.
तिथीची पाऊणपट केली की भरती कळते,
भरतीत सहा तास मिळवले की सुकती,
आणि सुकतीची वाळू घट्ट असेल तरच आम्ही खेळाडू.
अष्टमीला पहाटे समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत येतो.
त्या दिवशी आम्ही मोठ्या निष्ठेने झोपतो.

नाव ठरवायला तीन बैठका झाल्या आणि भजी मोजली नाहीत.
मग सावंतवाडीहून रबरी शिक्का आला,
त्यात 'धावक'चं 'धावते' झालेलं:
उभादांडा धावते मंडळ.
बदलून आणू, म्हणाल्या खानोलकर बाई.
नको, म्हणाला मिंगेल,
निदान मंडळ तरी धावू दे.

मिंगेल भट्टीवरून थेट येतो,
भुवयांवर मैदा, खिशात गरम पाव,
आणि खिशात पाव म्हणून मागे एक तांबडं कुत्रं.
कुत्रं आमच्यात सगळ्यात वेगवान.
नोंदवहीत गेल्या वर्षीचा पहिला क्रमांक त्याचाच,
बाईंनी स्वतः लिहिलाय, शाईने.
वर्गणीच्या रकान्यात मात्र: बाकी.

अफरोज बर्फाच्या कारखान्यातला.
त्याच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, काळीज मोजतं,
गप्पा मारायला थांबलो की टीटी करून हिशेब मागतं.

मी पोस्टात. मी शेवटची.
शेवटचं असण्यात एक सोय आहे,
सगळ्यांचे ठसे आयते वाचायला मिळतात.
बाईंचे जवळजवळ, समासात.
मिंगेलचा डावा जरा बाहेर पडणारा.
अफरोजचे पुढे पुढे, आणि मग
मध्येच वळून माझ्याकडे आलेले,
'येतास मां?' विचारायला.
म्हणून त्याच्या घड्याळात पाचाचे सात किलोमीटर भरतात,
आणि तो दुकानदाराला फोन करून भांडतो.

गेल्या पुनवेला बंदराच्या अलीकडे रापण लागली होती.
पाण्यातून वर आलेले दोन दोर, दोन रांगा माणसं,
आणि मधोमध आम्ही,
पोपटी बनियनांत, धापा टाकत.
भिकाजी तांडेलाने विचारलं,
'मागे कोण लागलो हा काय रे तुमच्या?'
कोणी नाही.
'मगे जातास खंय?'
बंदरापर्यंत.
'आणि मगे?'
परत.
भिकाजीने समुद्राकडे बघितलं,
साक्षीदाराकडे बघावं तसं.
'येवा हयसर. आठ हात कमी आसत.
धावचाच आसात तर उलट्या पायांनी धावा.'
त्याने आमचे हात आधीच मोजले होते.

तर रापण अशी ओढतात:
दोर कमरेला टेकवायचा, मागे मागे जायचं,
सुरूच्या झाडाशी पोचलं की दोर सोडायचा
आणि पुन्हा पाण्यात, रांगेच्या तोंडाशी.
म्हणजे जो शेवटचा, तोच पहिला होतो.
इतक्या वर्षांत
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी तीनदा पहिली आले.
बाईंनी शिट्टीवर ताल धरला, तो कोणीच पाळला नाही.
मिंगेलचा पाव भिजला,
कुत्र्याने तो तरीही खाल्ला.

जाळं वर आलं तेव्हा वाळूवर
चांदीची चिल्लर उधळल्यासारखं झालं,
उड्या मारणारी.
आमचा वाटा बाईंच्या टोपीत, अफरोजच्या मोज्यांत
(धुतलेले होते, असं तो अजून म्हणतो).
घड्याळाने बराच विचार केला आणि नोंद केली:
पोहणे, चाळीस मिनिटं.
वहीत बाईंनी लिहिलं:
धावणे, दीड किलोमीटर. बांगडे, बेचाळीस.
खाली शिक्का.

मी तीनदा हात धुतले, साबण बदलून.
दुपारी खिडकीशी एका बाईने
रजिस्टरची पावती घेतली, नाकाशी नेली,
आणि आत वाकून हळूच विचारलं,
'बांगडो काय भावान गावलो गो?'